दिशा घेतली की घेतली

मंडळी, एक सांगा. माणूस एका दिशेनं सुटला, आणि मधेच कळलं की चुकलो – तर त्यानं करायचं काय? पोथी नंतर उघडू. आधी खो-खोच्या मैदानावर चला.

हसू नका. खो-खोत एक नियम आहे – दिशा घेणं. पाठलाग करणारा एका खांबाकडं निघाला की मधेच वळता येत नाही. नुसता खांदा फिरला तरी पंचाची शिट्टी! एक तर खांबाला वळसा घालून या. नाहीतर बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारा, 'खो' म्हणा, आणि त्याच्या जागी गप बसा. पळेल तो.

आता ऐका. बोरखिंडी गावात देवळामागं मैदान. सरपंचांना तिथं मंगल कार्यालय हवं. पोरींची लग्नं लावायला जागा पाहिजे, पोरींना पळायला नको – वा रे कारभार! पुढच्या खुर्च्यांवरच्यांनी चुळबुळ करू नये, गोष्ट बोरखिंडीची आहे. बाया भडकल्या. सरपंच म्हणाले, "जत्रेत शेजारच्या शेणवडीच्या बायांना खो-खोत हरवा, मैदान तुमचं."

पदर खोचले. कप्तान कोण? कालिंदीबाई. संघात तिची धाकटी जाऊ द्वारका. घराची वाटणी झाल्यापासून दोघींत शब्द नाही. घरात मीठ संपलं तर कालिंदीबाई वेशीपर्यंत जाईल, पण शेजारच्या दारात नाही. आहेत ना अशा तुमच्याकडं? राहू द्या, हात वर करू नका.

शेवटचा डाव. दोन्हीकडं गुण सारखे. शेणवडीची एक बाई बाद केली की मैदान वाचलं. वेळ संपली, की गेलं. कालिंदी तिच्यामागं सुटली, खांबाची दिशा घेतली. आणि ती बाई – बसलेल्या दोघींच्या मधून सुळकन पलीकडं, उलट्या बाजूला!

कालिंदी थबकली. वळावं, तर शिट्टी. बसलेल्यांच्या मधून जावं, तरी शिट्टी. खांबापर्यंत जावं, तर वेळ नाही. आणि समोर? एकच पाठ. द्वारकाची. तिचं तोंड बरोबर त्या पलीकडच्या बाईकडं.

कालिंदीचा हात उठेना. मैदान गेलं तरी चालेल, पण हिला? अहो, खांदा फिरायलाच लागला होता! तेवढ्यात द्वारका मागं न बघता म्हणाली, "थोरल्या बाई, मला द्या की. मला दिसतीय ती."

थाप पडली. "खो!"

द्वारका उठली ती वाऱ्यासारखी. दोन ढांगांत बाई बाद. शिट्टी वाजली – पण जिंकल्याची. आणि कालिंदी? धाकटीच्या चौकोनात बसली होती. तिनं असा श्वास सोडला, जणू तो वाटणीपासून कोंडून ठेवला होता.

घरी जाताना द्वारका म्हणाली, "हात लई जोरात मारलात."

"साठला होता," कालिंदी म्हणाली. "दुखतंय का?"

"नाही. बरं वाटतंय."

मंडळी, चुकल्या दिशेनं आपण सगळेच पळतोय. वळायची लाज वाटते, आणि दुसऱ्याला जागा द्यायची त्याहून जास्त. माणूस हरतो तो इथं. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, तो याच मांडवात पाठ करून बसलाय – मला इथून दिसतोय. देवाचं नाव मी घेतो. तुम्ही आधी हात उचला. शिट्टी अजून वाजलेली नाही.