व्हायरस कुणापैकी?

विट्याच्या स्टँडवर सौमित्र साताऱ्याच्या एसटीची वाट बघत होता. पेपर डोळ्यांसमोर होता, पण कान मागच्या बाकावर. तिथं अंजनाक्का आणि त्यांच्या गावचे रिटायर सुभेदार लालासाहेब बोलत बसले होते.

"आक्का, तुमची अंकिता म्हशीची गोचिडं न्हेती म्हणं पुण्याला?"

"व्हय की. आमच्या चंद्रीच्या कानातली न्हेऊन तिच्या लॅबात तपासली, तर आत नवा व्हायरस घावला."

"बाप रं! माणसाला बाधतो?"

"अजून तरी कुणाला बाधल्याचं दिसलं न्हाई म्हणती."

"पण नवा हाय हे कळलं कसं?"

"आपण पावण्याला कुणापैकी म्हणून इचारतो, तसंच. त्याचं आरएनए का काय असतंय, ते अक्षर न् अक्षर वाचलं. जगातल्या सगळ्या व्हायरसांशी ताडून बघितलं. भावकीच जुळंना! चार महिनं पोरीला जेवणाची सुद न्हवती. शेवटी त्याचं येगळं घर मांडलं तिनं."

"लय भारी! मग आपल्या गावाचं नाव द्यायचं की."

"तिचं सायेब बी तेच म्हणालं. हीच नको म्हणली. उद्या बाजारात आपल्या गावची म्हस म्हणलं की गिऱ्हाईक मागं सरंल."

"शाणी हाय पोरगी. मग सवताचं दिलं?"

साताऱ्याची एसटी लागली, तरी सौमित्र बाकावरून हलला नाही.

"न्हाई. मला फोन केला. आई, चंद्रीचं देऊ का?"

"चंद्री तर दिवाळीत गेली न्हवं?"

"व्हय, आमच्याच दावणीला. म्हणलं, दे. तिला जितेपणी बाजार दावला न्हाई, आता कोण दावतंय!"