जरा धरता का?

बॅग त्या खुर्चीवर ठेवा. नाही, माझ्या टेबलावर नको, आणि माझ्या हातात तर अजिबातच नको. रागावले नाहीये हो, तुमच्यावर कशाला रागावू, तुमची आधीच दाढ ठणकतेय... पण ही माझ्या उजव्या हाताची पट्टी दिसतेय ना? चार बोटं सुजलीयत. आणि का सुजलीयत ते मी आज सांगणारच, कारण डॉक्टर आत रूट कॅनाल करतायत, म्हणजे अर्धा तास कुठे जात नाही, आणि तुम्ही पाचही जण गालाला हात लावून माझ्याकडेच बघताय. तर ऐका. तोंड उघडायचं काम नाही, ते आत गेल्यावर.

तुम्हाला सांगते, गेली सत्तावीस वर्षं मी धरतेय. इथे काय, पेशंट आत जाताना चष्मा माझ्याकडे, फोन माझ्याकडे, हेल्मेट माझ्याकडे, एक जण तर पिंजऱ्यासकट पोपट देऊन गेला होता, म्हणे घरी एकटा राहत नाही... आणि सगळ्यांचं वाक्य एकच. "जरा धरता का?" बरं, इथे पगार घेते, धरते. पण घरी? लग्नानंतर पहिल्यांदा सासरचे चौदा जण मिळून त्या मोठ्या पार्कला गेलो, तिथे तो अजगर आहे, अजगर म्हणजे पाळणा हो, रुळांवरचा, वर ढगात जातो आणि तिथून माणसांना खाली ओततो. मी नवी नवरी, हौसेने रांगेत उभी, आणि सासूबाईंनी स्वेटर काढला आणि म्हणाल्या, "जरा धरतेस का?" झालं. स्वेटरवर नणंदेची पर्स, पर्सवर दिराचा कॅमेरा, मग चपला, मग चष्मे, आणि मी खाली बाकड्यावर. "पुढच्या वेळी तू जा हं." दर दोन वर्षांनी जातो आम्ही. दर दोन वर्षांनी पुढची वेळ. त्या बाकड्याला माझा आकार आलाय.

तर गेल्या सोमवारी घरच्या ग्रुपवर नणंदेचा मेसेज. "शनिवारी सगळे पार्कला जाऊ या." दीर म्हणतो, "लॉकर आधीच बुक करू का?" त्यावर नणंद काय लिहिते? "वहिनी आहे ना, मग लॉकर कशाला?" आणि खाली आठ अंगठे. आठ. त्यातला पाचवा आमच्या ह्यांचा. मी भांडी घासता घासता ते वाचलं, हात पुसला, पुन्हा वाचलं. लागलं हो मला. आपण घरातली मोठी सून, आणि आपल्याला कुलूप म्हणतायत.

आता मंगळवारी काय व्हावं, तर आपल्या डॉक्टरांचीच अक्कलदाढ उठली. हसू नका, हसलात की कळ येईल. मोठ्या माणसालाही दाढ असते. दोन दिवस दवाखाना बंद, मी दारावर कागद चिकटवला, 'डॉक्टरांच्या दाढेमुळे दवाखाना बंद आहे.' आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना आपले डॉक्टर चेहरा एवढासा करून मला विचारतात, "तुम्ही येता का बरोबर?" मी म्हटलं, "सर, काही दुखत नाही, डोळे मिटा." रोज शंभर जणांना सांगते, त्यांनाही सांगितलं.

त्यांना पाठवून दिलं, मग स्टॉपवर उभी राहिले. हातात पर्स, डबा, छत्री. घरी जायची बस या बाजूने, आणि समोरच्या बाजूला दुसरी बस उभी, अंगभर अजगर रंगवलेला, जबडा बरोबर दारावर. आता मी काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. पाय माझेच होते, पण मला न विचारता रस्ता ओलांडून गेले आणि जबड्यात चढले. अकरा वाजता मी त्या पार्कच्या रिसॉर्टच्या काउंटरवर. तिथली मुलगी मान वर न करता विचारते, "मोठे किती?" म्हटलं, एक. "लहान?" नाही. "ज्येष्ठ नागरिक?" एवढ्यात नाही. तेव्हा तिने मान वर केली. "म्हणजे... एकट्याच?" असं विचारलं, जणू मी घरातून पळून आलेय. म्हणजे आलेच होते, पण तिला काय त्याचं.

खोली दाखवायला एक बाई आल्या. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. "दुसरे मागून येतायत का?" म्हटलं, नाही हो, एकटीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हंसांकडे बघितलं, आणि हळूच एक हंस काखेत मारून निघून गेल्या. उरलेला बिचारा दाराकडे चोच करून बसला. घरी ह्यांना फोन केला, म्हटलं, मी बाहेर आहे, उद्या संध्याकाळी येईन. कुठे, कोणाबरोबर, का... एक प्रश्न नाही. "बरं," म्हणाले, "मिक्सरचं झाकण कुठे आहे?" म्हटलं, शोधा. तुम्हाला सांगते, त्या एका शब्दाने अर्ध्या सुट्टीचं सार्थक झालं.

बदलायला कपडे नव्हते, म्हणून तिथल्या दुकानातून टीशर्ट घेतला. माझ्या मापाचा एकच शिल्लक, हिरवागार, छातीवर कांगारू. पोटाला पिशवी असलेलं ते जनावर, माझ्याच अंगावर यायचं होतं. तो घातला, डबा खाल्ला, पर्स खांद्याला लावली आणि निघाले तडक अजगराकडे. रांग छोटी, आडवारच तो. मी फक्त चपलेचा पट्टा सारखा करायला बसले. एक मिनिट. आणि कुठे बसले? माझ्या त्याच बाकड्यावर. सवय हो, दुसरं काय!

पट्टा अजून हातातच होता, तर एक जोडपं आलं. नवीनच लग्न झालेलं, त्याच्या पाठीवर सॅक, तिच्या हातात फुगा. "काकू, एकट्याच का?" हो. "मग जरा धरता का?" आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. अहो, सत्तावीस वर्षं या टेबलामागे बसून नाही म्हणायचा स्नायूच गळून पडतो माणसाचा. धरलं. त्यांचं बघून कॉलेजच्या चार मुली, चार जोड सँडल. मग एक खेळकर आजोबा, सत्तर-बहात्तरचे, नात ओढून नेत होती त्यांना, ते माझ्यासमोर थांबले, रुमाल काढला, तोंडापाशी नेला, आणि... कवळी. वरची आणि खालची, पूर्ण सेट. "हे जरा... फरता का?" दातच नाहीत, तर धरता कुठून म्हणणार! दुसरी कोणी बाई असती तर उठून पळाली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "आजोबा, ही कोरडी ठेवायची नसते," आणि डब्याचं झाकण काढून त्यात पाणी ओतून कवळी बुडवली. आजोबा खूश. म्हणजे खूश असावेत, ओठ आत गेल्यावर नीटसं कळत नाही.

आणि इथे माझी चूक झाली. दोन काळ्या बॅगा आल्या, एकसारख्या. मी पर्समधून अपॉइंटमेंटची वही काढली, चिठ्ठ्या फाडल्या, एक बॅगेला, एक मालकाला. नंबर सात, नंबर आठ. "बसा, नंबर आला की बोलावते." तोंडातून गेलंच. बस्स. चिठ्ठी दिसली की माणसं कशी येतात माहीत नाही, अर्ध्या तासात माझ्यापुढे रांग, अजगरापुढची कमी आणि माझ्यापुढची जास्त. छातीवर पार्कचं कांगारू, हातात वही... एक बाई येऊन विचारून गेल्या, "मॅडम, तुमचं काउंटर किती वाजेपर्यंत असतं?" मी साडेपाच सांगितलं. का सांगितलं? आपला दवाखाना साडेपाचला बंद होतो म्हणून.

तेवढ्यात लॉकरवाले आले. पलीकडे लॉकरची खोली आहे, तिथले म्हातारबुवा, टोपी, गळ्यात शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा. "बाई," म्हणाले, "दुपारपासून माझ्याकडे एक लॉकर उघडला नाही. तुम्ही कोणाच्या परवानगीने दुकान मांडलंय?" म्हटलं, मी मांडलं नाही हो, माझ्यावर मांडलंय. त्यांनी बाकड्यावर नजर फिरवली, सॅका, सँडल, फुगा, झाकणातले दात... "तुम्ही इथे आलात कशासाठी?" म्हटलं, अजगरात बसायला. "मग किती वेळ झाला?" म्हटलं, सत्तावीस वर्षं. म्हातारबुवांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली, आणि म्हणाले, "उठा. हे सगळं मी धरतो."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य कोणी मला म्हणत होतं. आणि तुम्हाला खरं सांगू? मी उठले, हात मोकळे झाले, आणि मी पहिली सापडली ती सॅक परत उचलायला वाकले. तो अजगर वर बघितला, वरून माणसं बोंबलत खाली येत होती. तेव्हा कळलं. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. सासूबाईंनी स्वेटर दिला तेव्हा मी मनातल्या मनात सुटले होते हो. सत्तावीस वर्षं सगळ्यांच्या नावाने बोटं मोडली, आणि त्या बॅगांनीच मला वाचवलं होतं. हे कबूल करायला मला एवढी पायपीट करावी लागली. मी म्हटलं, "राहू दे आज, माझी पर्स आहे ना..." म्हातारबुवांनी हात पुढे केला. "ती पण द्या." मी गेले रांगेत. आता मागे जायला कारणच उरलं नव्हतं.

शेजारच्या सीटवर कोण? पैलवान. दंड माझ्या कमरेएवढे, मिशा अशा वळलेल्या. दांडा खाली आला, कट-कट-कट करत गाडी चढायला लागली, खालची माणसं वाटाण्याएवढी झाली, आणि शेजारून बारीक आवाज आला. "काकू... एकट्याच?" हो. "मीपण. जरा... हात धरता का?" अगदी वरच्या टोकाला हो! जिथे पक्षीसुद्धा विचार करून येतात, तिथे! मी हात दिला. म्हटलं, "काही दुखत नाही, डोळे मिटा." त्याने मिटले. मी नाही मिटले. म्हटलं, एवढं आलोय तर बघू तरी. आणि बघितलं, लांब खाली माझं बाकडं, एवढंसं, काडेपेटीसारखं, त्यावर टोपी... आणि मग गेलो खाली. मी ओरडले. सासूबाईंच्या स्वेटरपासून सुरू केलं, दिराचा कॅमेरा घेतला, शेवटच्या वळणावर नणंदेचं संपूर्ण नाव घेतलं. उतरले तेव्हा रडत होते आणि हसत होते, काय आधी ते सांगता येणार नाही. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, ह्यांना सांगू नका.

तिथे खाली येताना फोटो काढतात. पैलवान पांढराफटक, मी आ वासून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी निघाले तेव्हा बसमधून तो ग्रुपवर टाकला, खाली एक शब्द लिहिला नाही. मग नणंद, "वहिनी???" मग आमचे हे, "झाकण सापडलं." मग दीर, "लॉकर बुक करतो." तीन लॉकर केले. तीन! आपल्या डॉक्टरांनाही दाखवला फोटो, त्यांनी भिंग लावून बघितला आणि म्हणाले, "खालची सातवी दाढ भरायला झालीय." कोणाला कशाचं कौतुक.

मग आला शनिवार. गेले की मी ऐटीत, हात हलवत, काही म्हणजे काही धरायचं नाही. सगळ्यांच्या बॅगा लॉकरमध्ये, सगळ्यांचे हात मोकळे, आणि सगळे अजगराखाली उभे... कोणी पुढे सरकेना. धाकटी जाऊ म्हणते, मला चक्कर येईल. दीर म्हणतो, पाठ धरलीय. अहो, इतकी वर्षं हे सगळे एकमेकांपुढच्या इभ्रतीपायी डोळे मिटून बसत होते, आणि आता एक धीट माणूस घरातच मिळाल्यावर कोण कशाला लपवेल? नणंद हसली. म्हणते कशी, "वहिनी आहे ना, मग भीती कशाला?" सात फेऱ्या. सात. दर फेरीला शेजारी नवीन माणूस आणि माझा उजवा हात त्याच्या मुठीत. नणंदेच्या अंगठ्या रुतल्या, दिराने बोटं पिळून काढली. पाचव्या फेरीला आमचे हे. वर चढताना डोळे घट्ट मिटून म्हणाले, "अगं, सोडू नकोस हं." आता अशा वेळी काय करायचं? नाही सोडला. खाली लॉकरवाले म्हातारबुवा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाई, बढती झाली तुमची."

म्हणून ही पट्टी. म्हणून आजपासून मी कोणाचं काही धरणार नाही, आपण सगळ्यांनी ऐकलंत, तुम्ही साक्षीदार... वाजली बघा आतली बेल. चला, नंबर एक. तुम्ही ना? उठा. काही दुखत नाही, डोळे मिटा. अहो, पण तुम्ही तर आत्तापासूनच थरथरताय. बरोबर कोणी नाही आलं? एकट्याच?

...बरं, द्या ती बॅग. चष्मा पण द्या. आणि हा हात कशाला पुढे करताय... अहो, उजवा नको, सुजलाय तो. डावा धरा.