नोराबाईच्या परसातली पानं

शेवटचं म्हणाल तर आमी दोघांनी मिळून पानांच्या शिरा काढल्या. पोराच्या घरामागं गवतात चादर टाकली व्हती, ऊन चांगलं पडलं व्हतं, आन् आयर्लंडातल्या ह्या किलकेनीत ऊन पडलं की माणसं कामं टाकून बाहेर येत्यात, तसे आमीपण बसलो व्हतो. ती पान उलटं मांडीवर धरायची, मी सुरीनं जाड शीर तासायचो, आन् ती म्हणायची, अहो हळू, पान फाटलं तर वडी सुटती. लग्न झाल्यापास्नं हेच सांगत आली. मी म्हणालो, सुटली तर सुटली, पोटात जाऊन सुटतीच की. त्यावर हसली. बेसनात चिंच-गूळ कालवून तिनं पानावर पान थापलं, वळकट्या केल्या, उकडल्या, तळल्या. एवढंच. त्यानंतर आमी दोघांनी मिळून काय केलं न्हाई.

मी कऱ्हाडाकडचा. चौथी शिकलो, साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढला, कान गेले, बोलणं मोठं झालं, तोंड फटकळ ते पहिल्यापास्नंच. ती सुभद्रा. तिला शाळा तेवढीपण न्हाई, पण हात असा की टाकाऊ म्हणून काय ठेवायचीच न्हाई, दुधी आणला तर सालाची चटणी, कोबी आणला तर दांड्याची भाजी. विनू आमचा एकुलता, इथं कॉम्प्युटरवर कामाला, सून अनघा पुण्याची, आन् नात रिया, तिला मराठी कळतं सगळं पण उत्तर इंग्रजीत. दोन हजार वीसच्या जानेवारीत आलो, उन्हाळ्याला परत जायचं म्हणून, आन् मंग विमानं बंद. सत्तरीवरच्यांनी घराबाहेर पडायचं न्हाई म्हणून इथल्या सरकारनं सांगितलं. सुभद्राच्या किडन्या आधीच निम्म्या गेलेल्या, गावाकडं डॉक्टरनं पथ्य लावून दिलेलं, त्यामुळं विनू आमाला फाटकापतुर जाऊ देईना. परसातनं भिंत दिसायची, कमरेएवढी, आन् भिंतीपलीकडं नोराबाई.

ती पण म्हातारी, नवरा गेलेली, एकटी. काय सांगू तुमाला ताई, ह्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आन् बोलणं दिवसभर. नोराबाईनं पांढऱ्या फुलांचे घोस साखरपाण्यात लिंबू घालून भिजवायचे दाखवले, त्याचं सरबत झालं, ते हिनं वाळ्याच्या सरबतासारखं आमाला पाजलं. हिनं रव्याचे लाडू भिंतीवर ठेवले. तिनं सुईनं लोकरीचे चौकोन विणायला घातले, हिनं तिच्या फाटक्या पडद्यांची गोधडी धरली. रिया गवतातली बारकी फुलं तोडून देठाला नखानं चीर द्यायची आन् एकात एक ओवायची, ही म्हणायची, बाई, दोऱ्याशिवाय गजरा. गाव सुटल्यापास्नं तेवढेच दिवस तिनं घरी जायचं नाव काढलं न्हाई.

मंग एक दिवस नोराबाई मुरंब्यासाठी रुबार्ब कापत व्हती. लाल लाल दांड्या असतात, आंबट. दांड्या टोपलीत आन् पानं सगळी खताच्या ढिगावर. पान बगा सुपाएवढं. सुभद्रा भिंतीशी उभी, तिचा जीव वरखाली. मला म्हणाली, एवढं अळू उकिरड्यावर टाकती ही, इथलं दिसतंय, थंडीनं जरा सुरकुतलंय. हातानं विचारलं तिला, घेऊ का. नोराबाईनं कवटाळून पानं भिंतीवर आणून ठेवली आन् आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्याकडं बोट केलं, की तिथं पसर, खत व्हईल. हिनं व्हय म्हणून मान हलवली. मी म्हणालो, सुनेला विचार. सून वर दार लावून मीटिंगमध्ये. सुभद्रा म्हणाली, अळू काय आता मला दुसऱ्यानं ओळखून द्यायचं व्हय.

हौसेनं खाल्ल्या तिनं वड्या. मी दोनच, घसा खवखवला, चिंच कमी पडली म्हणालो. पोरासुनेनं एकेक तोंडात टाकली, रियानं वास घेऊन ताटली ढकलली. संध्याकाळपास्नं तिला उलट्या. आमाला वाटलं तेलकट बाधलं. सकाळी अंग सुजलं, लघवी बंद. ॲम्ब्युलन्स आली, बरोबर कुणाला येऊ देईनात, रोगाचे दिवस, त्यांचाबी काय दोष न्हाई. आत चढताना मला म्हणाली, कढई तशीच हाय, झाकून ठेवा. मी झाकली. दोन दिवसांनी गेली. फोनवर तोंड दाखवलं तेवढंच, मास्कामुळं तेबी धड दिसलं न्हाई.

डॉक्टरनं विनूला फोनवर विचारलं व्हतं काय खाल्लं. हा म्हणाला अळूवडी. ती गेल्यावर दवाखान्यात सह्या करून घरी आला आन् मला म्हणतो, आण्णा, किलकेनीत अळू आणलं कुठनं. मी शेडमधली बादली दाखवली, उरलेली पानं पाण्यात ठेवली व्हती तिनं. त्यानं फोन काढला, फोटोशी पान लावून बघितलं. म्हणाला, आण्णा, ही पानं खात नाहीत. विषारी असतात. नुसती दांडी खातात.

डॉक्टरला त्यानं तिथनंच फोन लावून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, किडन्या आधीच गेलेल्या, पानानंच गेली का कशानं, ठाम सांगता येत न्हाई. विनूनं पानं कचऱ्याच्या डब्यात आपटली आन् भिंतीकडं निघाला. तिला जाऊन सांगतो म्हणाला, हातानं उचलून दिलीत तिनं. अनघा आडवी आली, अरे, त्यांना काय माहीत आपण शिजवू म्हणून. मी म्हणालो, विन्या, मागं फिर. म्हातारी एकटी राहती. तू सांगशील आन् घरात येऊन झोपशील, ती त्या भिंतीकडं बघत मरंल. तो म्हणाला, म्हणजे खोटं बोलायचं. मी म्हणालो, तुझी आई एक गेली, तेवढी बास झाली. तुमाला सांगतोय ते मराठीत, नोराबाईला मराठी येत न्हाई.

किलकेनीत दहनाची सोय न्हाई, म्हणून लांब शॅनन गावाला नेऊन अग्नी दिला. गाडी गल्लीतनं निघाली तेव्हा गोरी माणसं आपापल्या फाटकात उभी व्हती, नोराबाई काळा कोट घालून, हात छातीवर. विनूनं तिच्याकडं बघितलंच न्हाई, मान वळवून बसला. ते तिनं बघितलं. परत आलो तेव्हा ती भिंतीशी उभी व्हती, आन् बघत व्हती आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्याकडं. वाफा मोकळा. एक पान न्हाई त्याच्यात. ती तिनं दिलेली पानं शोधत व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरची उठायच्या आत, मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. पानं काढली, काळी पडलेली, वास मारत व्हता. कोथिंबिरीच्या ओळींमध्ये अंथरली, कडेनं माती लोटली, चार दिवस झाले असावेत अशी. हात धुतच व्हतो तर नोराबाई आली, फडक्याखाली बशी. वाफ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मंग तिचे खांदे खाली आले आन् ती रडायला लागली, सुबड्रा सुबड्रा म्हणत, मोकळी रडली. बशी भिंतीवर ठेवली. त्याच रुबार्बच्या दांड्यांचं काहीतरी भाजलेलं, लाल, वर साखर. सुतकात गोड खात न्हाईत. विनू स्वयंपाकघराच्या काचेतनं बघत व्हता. मी एक तुकडा मोडला आन् तिच्यासमोर उभा राहून खाल्ला, मंग दुसरा, आन् बशी रिकामी करूनच तिच्या हातात दिली.