फ्रीजमधली तंबाखूची पानं

"पोरगी गुणाची आहे हो, फक्त तंबाखू खाते. अन् तेही कच्चा पाला, फ्रीजमधे लपवून... लाजंपायी सांगून नाही राहिली बिचारी."

सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी. आता अशा वेळी माणसानं आत जावं की मागं फिरावं? मी मागं फिरले. तिथंच बोलायला हवं होतं, पण मी पडले कमी बोलणारी.

तुम्हाला सांगते, मी तंबाखू खात नाही, मोजते. म्हणजे पानात कोणती आम्लं किती, ते. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे माझा, आणि त्यात यंत्राचं काही नसतं हो, ते बिचारं जे घालाल त्याचा आकडा देतं. सगळा खेळ पान यंत्रात जाण्याआधीचा. गार ठेवा, मंद आचेवर सावकाश सुकवा, जास्त तापवलं की काही आम्लं उडूनच जातात, मग तुम्ही मोजता काय, तर स्वतःची घाई. कॉलेजची वीज दोन दिवस बंद राहणार, म्हणून हंगामातली शेवटची पानं मी घरी फ्रीजमध्ये आणून ठेवली, कोथिंबिरीशेजारी, स्टीलच्या डब्यात. कशाची आहेत ते दोन शब्दांत सांगायचं... पण मी पडले कमी बोलणारी.

नवऱ्याला विचारलं नसेल का त्यांनी? विचारलं ना. पुष्करनं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "खाऊ दे ना आई, तुले काय त्रास?"

झालं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात, आणि इकडे सासूबाईंनी पानं गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत घातली, एप्रिलमधलं नागपूरचं ऊन, तेवढ्यानं भागेना म्हणून तव्यावर भाजली, मग बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सुपारी टाकून, आम्लाला मारणारा तो चुना टाकून, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून खायचा खर्रा केला. म्हणजे आता पुन्हा पानं पुढच्या हंगामात, आणि प्रोजेक्टही तेव्हाच, आणि डिग्रीही.

संध्याकाळी दोघं माझ्यासमोर येऊन बसले. सासूबाईंनी पुडी हातात ठेवली. "घे वं बाई. आपल्याच घरात चोरून काहून खायचं?"

"मी बी खातोच ना," बाबा म्हणाले. "मले सोबत होईन."

इतकी माया होती हो दोघांच्या तोंडावर. मी पुडी उघडली, वर्षाची मेहनत डोळे भरून पाहिली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलले:

"बाबा, चुना जरा जास्त झाला."