गोमतीबाईचा ताप अन् खालाचे टोंगळे

नाई, पन मले एक सांगा, सत्तर-सत्तर वर्साच्या दोन बुढ्या समुद्रापल्याड लंकेले जाऊन राह्यल्या, अन् त्यांची तब्येत सांभाळाचं काम कोनी शहाना मानूस आंगावर घेईन का? नाई ना? मी घेतलं! म्हनजे मी कायले घेतो हो, माह्या आंगावर टाकलं! मी अनसिंगच्या बाजारात फुटक्या कंदिलाले झाल मारनारा मानूस, रहीम माह्यं नाव, पन्नाशी उलटली, मले काय समजते बुढ्यायच्या नाडीतलं? पन नाई! सारं गाव म्हने, 'रहीम हाये ना संगं, मंग काय फिकीर!'

यातली एक बुढी माह्यी खाला, मायची बहीन, रहमतबी. चाळीस वर्सं अनसिंगच्या बाजारात बांगड्या भरल्या तिनं. दुसरी गोमतीबाई, किन्हीराजाजवळच्या तांड्यावरची, खालाची पयली गिऱ्हाईक अन् तेव्हापासूनची मैतरीन. आता मैतरीन म्हन्तो खरा, पन दोघी एका चटईवर बसल्या का भांडन सुरू! खालाले पाहाचा होता लंकेतला तो पहाड, जिथं बाबा आदमच्या पायाचा ठसा हाये म्हन्तेत. गोमतीबाईले पाहाचं होतं सीतामायचं अशोकवन. ही म्हने, 'तुह्यं वन तं मारुतीनं उपटून टाकलं, आता तिथं काय पाह्यतं वो?' ती म्हने, 'तुह्या बाबाचा एकच पाय उमटला, दुसरा कुठी ठेवला होता त्यानं?' पन मुलूख एकच, रस्ता एकच, म्हनून निघाल्या जोडीनं.

अन् नेनारे कोन? यूसूफमिया! तरुनपनी कोलंबोले कापडाच्या दुकानात बारा वर्सं राह्यलेले, आता दरसाल हिवाळ्यात बुढ्याबाढ्यायचा जथा घेऊन जात. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी, अन् खिशात एक छापील कागद. निघाच्या आदल्या दिवशी आमाले सगळ्यायले ओळीनं बसवलं अन् वाचला तो कागद, जसा काई कलेक्टरचा हुकूम! 'वयस्कर यात्रेकरूंस सक्त सूचना! पाणी उकळूनच प्यावे! उघड्यावरचे काही खाऊ नये! गर्दीत सोबत्याचा हात सोडू नये! औषधांची चिठ्ठी गळ्यात बांधावी!' अन् मंग चष्म्यावरून माह्याकडे पाहून, 'अन् रहीम, तब्येत सांभाळजो!'

हे झाले यूसूफमिया. मंग हकीमसाहेब आले. एक पेटी भरून पुड्या, शीश्या, एक मलम टोंगळ्यायचं, म्हनजे गुडघ्यायचं, एक मलम कमरेचं, 'अदलाबदल करू नको, अन् रहीम, तब्येत सांभाळजो!' मंग गोमतीबाईचा बुढा आला, धरमसिंग. हा मानूस सालात चार गोष्टी बोलत नाई, टेशनावर पार गाडी हालेपर्यंत उगामुगा उभा, अन् गाडी हालली तसा खिडकीसंगं पळत पळत, 'रहीमभाऊ... ते... तब्येत...' एवढंच! अन् थांबला. आता सांगा, अशा मानसाले काय म्हनावं? मान हालवली मी. फसलो ना!

अकोला झालं, वर्धा झालं, मद्रास झालं, तीन दिवस गाडीच गाडी. टेशन आलं का उतर, इंजिनवाल्याचे हातपाय जोड, गरम पानी आन. पानी आनलं तं खाला म्हने, 'याले इंजिनाचा वास येते.' पानी थंड केलं तं गोमतीबाई म्हने, 'थंड पानी उकळलेलं कशावरून?' अबे, मी काय आता तिथं चूल मांडू? एका टेशनावर खाला गायब! शिट्टी वाजून राह्यली, यूसूफमिया झेंडी हालवून राह्यले, अन् खाला कुठी? पार पलीकडच्या कठड्यापाशी, तिथल्या एका बांगडीवालीचा हात धरून तिची काच पारखून राह्यली! भाषा हिची तिले समजत नाई, तिची हिले समजत नाई, अन् दोघी हासून राह्यल्या! मी ओढत आनली तं मलेच म्हने, 'गर्दीत सोबत्याचा हात सोडू नये, वाचलं नाई का तुनं?'

तब्येत सांभाळा म्हने!

बरं, पोचलो मंडपमले. समुद्राच्या काठी सरकारी तळ हाये. तिसऱ्या वर्गानं लंकेले जानाऱ्याले सहा दिवस तिथं थांबावं लागे. देवीची लस टोचत, रोज ताप पाहत, अन् सारं ठीक असलं तरच आगबोटीचा परवाना. डॉक्टर भला मानूस, पन हिंदुस्तानी त्याची दोन शब्दायची. 'मूं खोलो!' अन् काचेची कांडी जिभेखाली! गोमतीबाईनं तोंड असं घट्ट मिटलं, जसं काई इख देऊन राह्यले. तं खालानं ती कांडी हातात घेतली, उजेडात धरून पाह्यली, म्हने, 'काच पातळ हाये गोमते, चावू नको, नाईतं टोचन.' तव्हा कुठी बाईनं तोंड उघडलं.

अन् लस! गोमतीबाईचा हात तुमी पाह्यला नसन. कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा, नवरा जिता हाये तोवर उतरवाचा नाई अशी त्यायची रीत. डॉक्टर म्हने, 'निकालो.' गोमतीबाई उठली, गाठोडं उचललं, म्हने, 'मी चालली तांड्यावर.' झालं! आता काय करावं? यूसूफमियाच्या कागदात चुड्याची सूचनाच नाई! पन खाला उठली. साबन मागतला, पानी मागतलं, गोमतीबाईचा हात मांडीवर घेतला, अन् चाळीस वर्सायची ती बोटं... तुमाले सांगतो, एकेक कडं तिनं वर सरकवलं, एक नाई उतरवलं, अन् मधात दोन बोटं जागा मोकळी केली. डॉक्टर पाहतच राह्यला. म्हने, 'बहुत अच्छा.' टोचली लस.

पन दैव पाहा! साऱ्यायच्या लशी सुकल्या, अन् गोमतीबाईचा हात सुजला. सहाव्या दिवशी सकाळी कांडी लावली तं एकशे दोन! डॉक्टरनं मान हालवली, 'ये नहीं जाएगा.' बाकीच्यायचे परवाने तयार. यूसूफमिया बिचारे खाली बसले. बारा मानसं बोटीले लावाची, अन् एक इथं तापात. म्हने, 'गोमतीबाई इथल्या दवाखान्यात राहतीन. चांगला दवाखाना हाये. आमी मंगळवारच्या बोटीनं परत येतो, तव्हा घेऊन जाऊ. रहमतबी, तुमी चला, गाठोडं उचला.'

गोमतीबाई खाटेवरून म्हने, 'जाय वो. तुह्या बाबाचा पाय पाहून ये.' अन् तोंड भिंतीकडे केलं.

खालानं गाठोडं उचललं. चार पावलं गेली. मी मांगं पेटी घेऊन. अन् एकदम, 'या अल्ला!' म्हनून ती खालीच बसली. मी म्हनलं, 'काय झालं?' म्हने, 'टोंगळे! टोंगळे गेले माह्ये! मले तो पहाड काई चढनं होत नाई. यूसूफमिया, तुमी जा.'

आता मी काय आंधळा हाये? आदल्याच दिवशी ही बाई शिंपल्या येचत कोसभर वाळू तुडवून आली होती, अन् मी मांगं धापा टाकून राह्यलो होतो! मी तोंड उघडलं, तं खालानं माह्याकडे असं पाह्यलं... मी पेटी उघडली. एक मलम काढलं. कमरेचं होतं का टोंगळ्याचं होतं, अल्लाले माहीत!

तं असे राह्यलो आमी तिघं. अन् खाला चार दिवस लंगडली हो! गोमतीबाई पाहून राह्यली का लंगडे, तिचा डोळा लागला का सरळ चाले. एकदा तं घाईत दुसऱ्याच पायानं लंगडली!

पन त्याच्यात एक दिवस... तुमाले सांगतो, तो दिवस दुश्मनालेबी येऊ नये. भर दुपारी ताप एकशे चारावर गेला. गोमतीबाई आपल्या तांड्याच्या बोलीत बोलाले लागली, आमाले काई समजेना, फक्त मधात मधात 'धरमसिंग... धरमसिंग'. अन् माह्या डोळ्यासमोर तो खिडकीसंगं पळनारा बुढा. त्याले आता काय तोंड दाखवू? तार करू तं काय लिहू? हकीमसाहेबाची सारी पेटी मी उलटी केली, एक पुडी धड वाचता येईना. खाला म्हने, 'राहू दे ते. पानी आन.' डॉक्टर दोनदा येऊन गेला, दवा पाजली. खाला तिच्या तळपायावर ओले फडके ठेवे, बदले, ठेवे, बदले, अन् तोंडानं चालूच, 'गोमते, तुह्या अशोकवनात एकबी झाड नाई म्हन्तेत यूसूफमिया. ऐकून राह्यली ना? एकबी झाड नाई!' मी म्हनलं, 'खाला, अशा वक्ताले भांडतं काय?' म्हने, 'भांडली नाई तं ही उठन कायले?'

अन् दिवस कलता कलता गोमतीबाईनं डोळे उघडले. बारीक आवाजात म्हने, 'एक तरी असनच वो.' अन् मंग म्हने, 'मिरचीचा ठेसा हाये का उरला?' मी बाहीर जाऊन भिंतीआड रडलो. खोटं कायले सांगू!

मंगळवारी सकाळी हाताची सूज गेली, ताप गेला, परवाना मिळाला. मी म्हनलं, चला, सुटलो, आता इथंच जथ्याची वाट पाहू. तं दोघी गाठोडे बांधून तयार! म्हनलं, 'अहो, हीच बोट तिकडे जाईन, घंटाभर थांबन, अन् आपल्या लोकायले घेऊन वापस येईन! तुमी जाऊन करता काय?' खाला म्हने, 'पाय ठेवतो.' गोमतीबाई म्हने, 'हाव, पाय ठेवतो.' पयल्यांदा दोघी एका मताच्या झाल्या, अन् त्यातबी माह्यंच मरन!

गेलो. उतरलो पल्याडच्या धक्क्यावर. दोघींनी लंकेवर पाय ठेवले, खालानं दुवा मागतली, गोमतीबाईनं चिमूटभर वाळू कपाळाले लावली. तेवढ्यात समोरून आमचा जथा... अन् काय ती दशा! दोघं हगवनीनं वाळलेले, तिघायच्या पिंढऱ्या जळवांनी फोडलेल्या, अन् यूसूफमिया? पहाडावर पाय मुरगळून हमालाच्या खांद्यावर! शिट्टी उलटी पाठीवर लोंबून राह्यलेली! मले पाहून कन्हत म्हने, 'रहीम, त्या दोघींची तब्येत?' मी नुसतं बोट दाखवलं. दोघी धक्क्यावर उभ्या राहून नारळपानी पिऊन राह्यल्या होत्या, उघड्यावरचं! अन् गोमतीबाई हळूच म्हने, 'रहमत, आता लंगडनं सोड वो. मी पयल्याच दिवशी पाह्यलं होतं.' खालानं पदरानं तिचं तोंड पुसून दिलं, बस.

तं हे झालं. पन लोक कायले सोडतीन? कारन का वापस येतानी, त्या खाडीत, दूर वाळूच्या टेकड्यायची एक ओळ दिसते म्हने पान्यातून. गोमतीबाई म्हन्ते, तो रामाचा सेतू, वानरायनं बांधला, मी माह्या डोळ्यानं पाह्यला. खाला म्हन्ते, तो बाबा आदमचा पूल, त्याच्यावरून तो चालत इकडे आला, मी माह्या डोळ्यानं पाह्यला. दोघींनी बोटीवरच्या खलाशाले इचारलं, तो त्याच्या भाषेत काईतरी बोलला, अन् दोघी म्हन्तेत माह्या बाजूनं बोलला! आता अनसिंगचा बाजार भरला का दोघी बांगड्यायच्या दुकानावर बसतेत, गर्दी जमते, अर्धे इकडून, अर्धे तिकडून, अन् शेवटी सारे येतेत माह्या कंदिलायपाशी, 'रहीमभाऊ, तुमी तं होते तिथं, तुमी सांगा, पूल कोनाचा?'

मी म्हन्तो, 'दोघींचाबी खरा.' लोक म्हन्तेत, वा, काय समजदार मानूस हाये!

आता तुमाले म्हनून सांगतो, बाहीर बोलू नका... जातानी दोन घंटे अन् येतानी दोन घंटे मी बोटीच्या कठड्यावर पालथा पडून ओकून राह्यलो होतो, अन् त्या दोन बुढ्यायनं मांगून माह्या कमरेले धरून ठेवलं होतं. म्या फक्त पानी पाह्यलं बाप्पा... अन् तेबी माह्यंच!