हेमांगीने गाळलेला कंस

मंडळी, टाळ क्षणभर खाली ठेवा आणि मला सांगा, माणूस लिहितो ते कुणासाठी? स्वतःला कळावं म्हणून, की दुसऱ्याला कळावं म्हणून? मागे बसलेले काका म्हणतायत, दुसऱ्यासाठी! बोलायला सोपं आहे, काका. आता ऐका.

सांगलीत हेमांगी खरोटे नावाची मुलगी वेबसाइटी बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला होती. बुद्धी अशी, की इतरांचं दोन दिवसांचं काम ही जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची! प्रमुख होते दाणी सर. प्रोग्रॅम लिहिण्याची त्यांची एक शिस्त होती – ‘अमुक झालं तर तमुक कर’ असं संगणकाला सांगायचं असेल, तर ते ‘तमुक’ महिरपी कंसात घालायचं. एकच ओळ असली तरी!

हेमांगीला हे पटेना. एका ओळीला कंस गाळला तरी चालतो, संगणकाला बरोबर कळतं, मग बोटं कशाला झिजवायची, असं तिचं म्हणणं.

सर शांतपणे म्हणाले, “संगणकाला कळतं गं. तुझ्यानंतर जो ते उघडेल, त्याला कळलं पाहिजे.”

ती हसली. कंस काही घातला नाही. आपणही असेच हसतो – हो की नाही?

पुढे एका डायलिसिस केंद्राचं काम आलं. ज्यांची मूत्रपिंडं थकलीत, त्यांचं रक्त तिथे मशीनवर शुद्ध होतं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो. हेमांगीनं एक ओळ लिहिली: मशीन बंद असेल, तर केंद्राला कळव. कंसाविना! आणि बहिणीच्या लग्नाला निघून गेली.

ती गेल्यावर तिच्यामागे केंद्राचा निरोप आला, की मशीन बंद असेल तेव्हा रुग्णालाही कळवा. युवराज पाटोळे नावाच्या तिच्या सहकाऱ्यानं तिच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: ‘आज येऊ नका’ असा संदेश पाठव. दिसायला दोन्ही ओळी एकाच अटीखाली. पण मंडळी, कंस नसला की अट पहिल्या ओळीपुरती! दुसरी मोकाट सुटली – मशीन सुरू असो वा बंद, संदेश जाणारच. युवराजनं बंद मशीनवर तपासलं, ठीक चाललं. सुरू मशीनवर तपासायचं त्याला सुचलंच नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता अडतीस जणांना संदेश गेला. आज येऊ नका.

हेमांगी त्याच दिवशी कामावर परतली होती. रुग्ण का येईनात, असा केंद्राचा फोन आला तेव्हा तिनं प्रोग्रॅम उघडला, आणि आपलीच कंसाविना ओळ तिला दिसली. सगळे फोनला बसले. सदतीस जण सापडले. हरिपूरच्या अनुसयाबाई कोळेकर फोन उचलेनात, आणि त्यांची आधीची खेपही तापात चुकलेली!

हेमांगीनं स्कूटर काढली. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले, श्वास अर्धा.

“मावशी, कुणाला हाक का मारली नाहीत?”

“येऊ नका म्हणून लिहिलं होतं, पोरी. लिहिलेलं खोटं कसं असेल?”

शेजाऱ्यांच्या मदतीनं तिनं त्यांना रिक्षात घातलं. दुपारी बाई मशीनवर होत्या, आणि संध्याकाळी उठून बसल्या. वाचल्या, मंडळी!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात युवराज मान खाली घालून चूक कबूल करू लागला. हेमांगी मध्येच उभी राहिली. “ओळ त्याची आहे, सर. खड्डा माझा. तुम्ही सांगूनही मी कंस गाळला.” मग अकरा दिवस बसून तिनं आपलं जुनं सगळं लिखाण उघडलं आणि ओळ न् ओळ वाचता येईल अशी केली. तिच्या हुशारीला खरं तेज चढलं ते तेव्हा!

आता तुमच्याकडे येतो. आईच्या गोळ्यांच्या वेळा फक्त तुम्हालाच पाठ आहेत ना? गॅसच्या मागची कुठली तोटी कशाची, हे फक्त तुमच्याच डोक्यात? उद्या तुम्ही गावाला गेलात, तर सुनेनं काय करायचं? घरी जा, कागद घ्या आणि तिला वाचता येईल असं लिहा. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी तो रागावणार नाही. उचला टाळ!