उलटा वळसा

कॅम्प दोनच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर पालेगावचं एक नवरा-बायकोचं जोडपं खोकल्याचा नंबर लावून बसलं होतं.

"माठामागे ओल्या फडक्यात सिगार सापडले मला. कुणाचे?"

"माझेच. मोबाईलवर बघून घरीच वळले. टाइमपास."

"तुम्ही नाही वळले. लग्नाआधी दहा वर्षं मी विड्या वळल्यात. ह्या सगळ्यांच्या पानाचा वळसा उलटा आहे. वळणारा डावखुरा आहे."

"काय पण शोध लावते!"

"शेजारची निशा डावखुरी आहे. मी कंपनीत गेल्यावर ती येते ना घरी?"

"अगं, हळू बोल."

"का हळू? ऐकू दे सगळ्यांना."

"मीच वळले गं. डाव्या हातानं."

"डाव्या हातानं कशाला?"

"उजवी मूठ मिटत नाही माझी. दिवाळीपासून. म्हटलं, डाव्याला तरी सवय लावू."

"बघू हात."

"इथं नको. आपला नंबर आला, चल. आत फक्त खोकल्याचं सांग."

"थांबा. रोज सकाळी माझ्याकडून शर्टाची बटणं लावून घेता, ते लाडानं नव्हतं?"